मामाची रिक्वेस्ट

पोरीचं लग्न तोंडावर आलंय आणि ती माझ्या फेसबुकची भाषा अरबी करून बसली. का, तर गंमत. आईचा चेहरा कसा होतो त्याचा व्हिडिओ काढायचा होता म्हणे. काढला, मैत्रिणींना पाठवला, हसली, आणि "आल्यावर करते गं नीट," म्हणत पार्लरला निघून गेली.

मीही सोडून दिलं. पण जरा वेळाने फोन वाजला, बघते तर माझ्या भावाचा, शेखरचा फोटो. फ्रेंड रिक्वेस्ट.

आता शेखरचं सांगायलाच हवं. साखरपुड्याचं आमंत्रण आमच्या ह्यांनी सगळ्यांना एकदमच व्हॉट्सअॅपवर ढकललं, त्यात शेखरलाही. सख्ख्या मामाला घरी जाऊन कुंकू-अक्षता लावून बोलवायचं असतं, एवढं कळू नये माणसाला? नवरीला मांडवात आणणार कोण, तर तो. शेखर साखरपुड्याला आला नाही. मला फेसबुकवरून काढून टाकलं, फोन उचलेना. तो राहतो ते देवळाली कॅम्प काही लांब नाही, पण मीही गेले नाही. मी थोरली, त्यात चूक ह्यांची, मी का जाऊ? पोरीने, हर्षालीने मात्र सांगून ठेवलेलं, मामा नसेल तर मांडवात दुसऱ्या कुणाबरोबर येणार नाही.

आणि आज त्यानेच पाऊल पुढे टाकलेलं. मला इतका आनंद झाला की हर्षाली यायची वाटही बघितली नाही. अक्षर एक कळत नव्हतं, पण बटणं पाठ होती: डावीकडचं होय, उजवीकडचं नाही. डावीकडचं दाबलं. शेखर गायब.

अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून बटणंही उलटी होतात, हे ज्ञान हर्षालीने पार्लरमधून आल्यावर दिलं. "आई, तू मामाला नाही म्हणालीस," म्हणून तीच रडायला बसली. मी म्हटलं, रड आता. तिच्याकडून मराठी करून घेतलं, मग मी शेखरला रिक्वेस्ट पाठवली. त्याने घेतली नाही. दुपारी त्याच्या बायकोचा, मीनाचा फोन आला. "ताई, एवढं नको होतं करायला. सकाळपासून जेवले नाहीत हे." मी अरबीचं सांगायला लागले तर तिला वाटलं मी थट्टा करतेय.

मग माझं डोकंच फिरलं. कुंकू, अक्षता, पत्रिका पिशवीत कोंबली, ह्यांना टीव्हीसमोरून उठवलं, पोरीला पुढे घातलं आणि रिक्षा केली.

शेखरने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. ह्यांनी त्याला कुंकू लावलं, हातात पत्रिका दिली. म्हणाले, "चुकलं माझं." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्या वाट्याला आलं नाही. मी अरबीचा सगळा घोळ सांगितला. "पटलं तर पटवून घे, नाहीतर राहू दे. मी कंटाळलेय आता सगळ्यांना."

शेखर पत्रिका वाचतच राहिला. एवढं काय वाचत होता देव जाणे. मग त्याने हर्षालीकडे बघितलं.

"वजन किती गं तुझं?"

"छप्पन्न. का रे मामा?"

"उद्यापासून भात बंद कर. मांडवापर्यंत उचलून न्यायचंय, माझी कंबर धरते हल्ली."