वातीचा कापूस

महिपतीने बॉनेटचा दांडा लावला, आणि तापाच्या पोराचं कपाळ बघावं तसा इंजिनावर हात ठेवून उभा राहिला.

"अजून गरम हाय," तो म्हणाला.

"सकाळपासून बंद आहे गाडी, आबा," ओटीच्या पायरीवरून मैना म्हणाली. "आता दुपार कलली."

"वरून थंड, आतून गरम. मिठागराची जीप एकदा मे महिन्यात बंद केली होती, ती गणपतीत थंड झाली. तोवर मालकाची बायको तिच्यावर पापड भाजायची."

मैना हसली. तिला हसवलं की थोडा वेळ जातो, हे महिपतीला ठाऊक होतं. आणि आज त्याला वेळ घालवायचाच होता.

सकाळी मैना रोह्याला परत निघाली, किल्ली फिरवली आणि गाडी अंगणातच थडथडायला लागली. महिपती तेव्हा न्हाणीत तोंड धूत होता. बॉनेट न उघडता, तोंडात मिश्री असतानाच त्याने निदान केलं, "मिसिंग मारतेय. प्लग गेले. कॉइलबी गेली." सारा जन्म मिठागराच्या जीपवर काढलेला माणूस, गाडीचं दुखणं कानाने ओळखतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्याने स्वतःच पसरवली होती. मैना काही बोलायच्या आत तो पेणच्या एसटीत चढलासुद्धा. तिथे दुकानदाराने सांगितलं तेव्हा त्याला कळलं, सदरा उलटा घातलाय. तीन प्लग आणि तीन कॉइल घेऊन तो परतला, तोही वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत, जमेल तितका हळू.

रोहा म्हणजे काही विलायत नव्हे. पण दिलेल्या मुलीला माहेरचा रस्ता वर्षातून दोनदाच सापडतो, आणि तिची आई हौसा गेल्यापासून तर मैना एका रात्रीपुरतीच येत होती. उद्या संध्याकाळी शेजारच्या सखाच्या शेतात पोपटीचं मडकं जाळात लागायचं होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा आईच्या हाताखाली मैनाच भरायची. तिच्या हातच्या शेंगा करपत नसत. गेली दोन वर्षं महिपती पोपटीला बसला होता, पण शेंगा सोलून नुसत्याच समोर ठेवत होता. काल रात्री जेवताना, आज पहाटे उठल्यावर, त्याला एकच म्हणायचं होतं, राहा. साऱ्या गावाला थापांवर जगवणारं ते तोंड. पण हा एक खरा शब्द तिथवर येई आणि परत आत जाई.

त्याने पाना फडक्याने पुसला. मग फडकं झटकलं. मग पुन्हा पाना पुसला.

"आबा, ह्यांची दुसरी शिफ्ट सुटायच्या आत पोचायला हवं," मैना म्हणाली. पण म्हणताना ती पायरीवरून हलली नाही.

"व्हईल गो. कॉइलचं काम घाईचं नाय. एकदा जीपच्या कॉइलीत चिंबोरी शिरली. असा करंट बसला की तिच्या नांग्या पेटल्या. त्या उजेडात आम्ही सगळं मीठ भरलं."

"मागच्या वेळी कोळंबी होती."

"कोळंबी आधी शिरली. तिला खायला चिंबोरी गेली."

मैना मान हलवत चहा ठेवायला आत गेली.

आता मात्र महिपतीपुढे इलाज नव्हता. त्याने पहिली कॉइल सैल करून वर ओढली, खालचा प्लग काढला, उजेडात धरला. प्लग चांगला होता. टोक बिस्किटाच्या रंगाचं, कुठे काजळी नाही. कानाची ख्याती थोडी खाली आली, पण बघायला कोणी नव्हतं.

मग तो मधल्या कॉइलीकडे वळला आणि वाकलेलाच राहिला.

वायरच्या टोकाचा, तिच्यात खटक्याने बसणारा कप्लर बसलेलाच नव्हता. कोणीतरी खटका दाबून, अलगद काढून, बाजूला ठेवला होता. गचक्याने निसटला असता तर लोंबत राहिला असता. आणि कप्लरच्या तोंडात कापसाचा छोटा बोळा होता, नीट वळून बसवलेला.

महिपतीने बोळा नखाने बाहेर काढला. पांढरा, मऊ, लांब तंतूंचा. वातीचा कापूस. हौसाच्या देव्हाऱ्यातल्या डब्यातला.

खाडीकाठी वायरचं तोंड उघडं राहिलं की एका रात्रीत पितळेवर हिरवा कळंक चढतो. म्हणून काम अर्धं टाकून उठताना महिपती त्यात कापूस कोंबायचा, आणि मडगार्डवर बसलेल्या परकरातल्या मैनेला सांगायचा, "खाऱ्या वाऱ्याला उघडं तोंड दाखवायचं नाय." रोह्याच्या कुठल्याही मिस्त्रीला ही खोड नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आबा, चहात गवती चहा घालू?"

गेली चाळीस वर्षं त्या घरात गवती चहाशिवाय चहा झाला नव्हता.

"घाल," महिपती म्हणाला.

मग मात्र त्याचे हात भरभर चालले. तिन्ही प्लग नवे बसवले, तिन्ही कॉइल नव्या. दोन कप्लर खट्‌ आवाज येईपर्यंत दाबले. तिसऱ्यासाठी त्याने कापसाचा बोळा तळहातावर पुन्हा वळला, होता तसा तोंडात बसवला, आणि कप्लर होता तिथेच ठेवला. बॉनेट लावलं.

मैना चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात फोन होता.

"ह्यांचा आहे. गाडीचं विचारतायत."

महिपतीने फोन घेतला. "कमळाकरराव, प्लग बदलले, कॉइली बदलल्या, पर गाडी सुधारंना. खार हो. वायरिंगच्या पोटात शिरलाय. नाय, नाय, तुम्ही मिस्त्री धाडू नका, तो वायरी तोडून ठेवील. ह्याला ऊन दाखवायचं, बस. सुकलं की आपसूक चालंल. आईसाहेबांना नमस्कार सांगा."

फोन परत देताना त्याने मुलीकडे पाहिलं नाही. मैनेनेही किल्ली फिरवून बघते असं म्हटलं नाही. ती कट्ट्यावर पडलेले कॉइलींचे रिकामे खोके गोळा करू लागली, एकात एक घालत.

"हे पोपटीला जाळ धरायला होतील," ती म्हणाली.

"होतील. जोडीला कापूस घे जरासा. देव्हाऱ्यात हाय अजून."

मैनेचे हात थांबले. पाठमोरीच तिने खोके छातीशी धरले. मानेवर सुटलेली एक बट तिने मागे सारली.

"आबा, खार सुकायला किती दिवस लागतात?"

"ऊन कसं पडतंय त्याच्यावर."

महिपतीने चहाचा घोट घेतला आणि वर पाहिलं. खाडीपासून डोंगरापर्यंत आभाळ लख्ख होतं. अंगणातल्या गाडीच्या टपावर हात ठेवला असता तर चटका बसला असता.

"यंदा ऊनच नाय गो," तो म्हणाला.