सोजरबाईची पायाळू सून

घरात नवी सून आली की सासूच्या डोळ्यांना जास्तीचं काम लागतं, हे तुम्ही-आम्ही सगळेच जाणतो. इंझोरीच्या सोजरबाईचे डोळे तर मुळातच कामसू. दुधावर साय कमी दिसली तर तिला मांजराच्या आधी शेजारीण आठवायची. पाहुणा रेंगाळला तर का रेंगाळला, आणि लवकर निघाला तर काय घेऊन निघाला, हा विचार तिच्या डोक्यात आलाच म्हणून समजा. नवरा भरल्या वयात तापाने गेलेला. मागे थोडकं वावर आणि जगदेव हा एकुलता एक लेक. कोणीतरी हेही आपल्याकडून हिसकून नेईल, ही भीती बाईच्या मनात घर करून बसली होती.

अशा घरात मेडशीची प्रयागा सून म्हणून आली. पोरगी कामाची, मोजकं बोलणारी. वर्षभर सासूला बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि याचाच सोजरबाईला फार संशय येई!

चैत्र नुकताच लागला होता. एका सकाळी मेडशीचा खेमा दारात उतरला. बैलांचा व्यापार करणारा हा माणूस शेलूबाजारला निघाला होता, पण गाडीतून उतरला तो कमरेत वाकलेलाच.

"बाई, जरा प्रयागाले बोलवा," तो कण्हत म्हणाला. "कमरेत उसण भरली. तिचा पाय लागला का मोकळी होईन."

"तिचाच पाय कायले पायजे?" सोजरबाईने विचारलं.

"म्हंजे? ती पायाळू नाई का! आमच्या मेडशीत सारे तिच्याच दारात येत होते."

सोजरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले ते माणूस. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि त्याच माणसावर वीज हटकून पडते, अशीही समजूत आहे. पहिल्या समजुतीपायी लोक त्याला घरी बोलावतात आणि दुसरीपायी आभाळ गडगडलं की हाकलून देतात. प्रयागाने खाली मान घालून खेमाच्या कमरेला पाय लावला. बरं वाटलं म्हणत खेमाने चहा घेतला आणि वाकलेलाच गाडीत चढला.

त्या दिवसापासून सोजरबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एकेक गोष्ट तिला आठवू लागली. लग्नात हळदीच्या दिवशी वावधन सुटून मांडव उडाला होता. पोळ्याच्या आधी शेजारच्या वावरात विजेने शेळी मेली, तेव्हा प्रयागा तिथूनच चारा घेऊन आली होती. सून पाण्याला गेली आणि कुठे दूर गडगडलं, तरी बाई दाराशी येऊन तिच्याकडे टक लावून पाहायची. आभाळ भरलं की प्रयागाने घरात थांबायचं नाही, गोठ्यामागच्या गवती सपरात जाऊन बसायचं, असा नियमच तिने करून टाकला. प्रयागा निमूट जाऊन बसे. जगदेव आईपुढे बोलत नसे, मात्र त्याचं जेवण कमी झालं होतं, आणि त्याचाही बोल बाईने सुनेलाच लावला.

शेवटी तिने शेलूबाजारहून उकंडराव मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर तिचे चुलतभाऊ. शाळेतून निवृत्त झालेले, आणि मुख्य म्हणजे हे लग्न जुळवणारे.

"दादा, तुले माहीत होतं का ती पायाळू हाये?" मास्तर टेकण्याआधीच तिने विचारलं.

"माहीत होतं."

"मंग लपवलं काहून?"

"लपवाले काय, तो काय रोग हाये? दाई म्हणे पाय आधी आले. मी म्हणलं पोरगी आली ना, झालं!"

"अखाजी झाली का तिले मेडशीले नेऊन पोचव. कायमची!" सोजरबाईचा आवाज चढला. "माह्या एका लेकाच्या घरावर वीज नाई पाडू देत मी."

आत प्रयागा जात्याशी बसली होती. जात्याची घरघर थांबली.

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सोजर, माहं नाव उकंडराव काहून ठेवलं, सांग बरं?"

"तुह्या आधीचे दोघं गेले. म्हणून मायनं तुले उकंड्यावर लोळवलं अन् तू जगलास."

"मी जगलो ते त्या साली देवीची साथ गावात आली नाई म्हणून. उकंड्यावर लोळवलेले बी मेलेत बाई, पन त्याईची नावं कोनाच्या ध्यानात राह्यत नाईत. आता वीज कशी होते ते आयक. वैशाखात भुई तापते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते अन् वाफ घेऊन वर चढते. वरणाचा गंज उकळला का झाकण कसं उडते? तसा खालून जोर असते. वर गारठा. तिथं वाफेचं पानी होते, पान्याच्या गारा होतात. त्या गारा ढगाच्या पोटात वर-खाली आपटतात, एकमेकीले घासतात. त्या घसटीतून वीज साठते. लय साठली का ती भुईवर उतरते, अन् उतरताना जे उंच अन् एकटं दिसते, त्याच्यावर बहुतेक करून पडते. झाड, देवळाचा कळस, नाईतर उघड्या वावरात उभा राह्यलेला मानूस."

"अन् पायाळू?"

"तिले काय ठाऊक कोन डोक्याकडून आलं अन् कोन पायाकडून! ढगाचं बूड काळं झालं, त्याचं डोकं लोहाराच्या ऐरणीसारखं पसरलं अन् घामाच्या आंगाले एकदम गार हवा लागली, का समज वावधन आलं. तेव्हा पक्क्या घरात जाय. घर दूर असन तर झाडाखाली कधीच नाई! विळा, कुऱ्हाड, लोखंड टाकून दे. झाडापासून लांब, सखल जागी उकिडवं बस. दोनी पाय जुळवून घे, कान दाब, मान खाली. आडवं पडू नोको. एकमेकाले चिकटून बसू नोको. अन् गडगडाट थांबला म्हणून लगेच उठू नोको."

सोजरबाईने सगळं ऐकलं आणि मनात म्हटलं, आपण जुळवलेलं लग्न मोडू नये म्हणून दादा पोथी वाचून राह्यला. शिकलेला माणूस गोड बोलला की तिला जास्तच संशय यायचा. "अखाजीनंतर मी सोताच पोचवीन," एवढंच ती म्हणाली. मास्तर हताश होऊन परतले. जातं मात्र बराच वेळ बंदच होतं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तिघंही वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होते. सुनेला नेऊन सोडायचंच आहे तर एवढं काम करून घेऊ, असा बाईचा विचार. दुपारनंतर वारा पडला. झाडाचं पान हलेना. वाशीमच्या बाजूने ढग चढत आला. त्याचं बूड काळंभोर होतं आणि डोकं पसरत चाललं होतं. प्रयागा काम थांबवून त्याच्याकडे पाहू लागली, तर सोजरबाई तिच्याचकडे पाहत होती. ही आभाळाला काय खुणावते आहे?

एकदम गार झुळूक आली. मागोमाग धुळीचा लोट, आणि टपोरे थेंब. बांधावरच्या मोठ्या कडुलिंबाखाली बैल बांधलेला होता. तिघंही तिकडे धावली, कारण आपण सगळे पिढ्यान् पिढ्या तिकडेच धावत आलो आहोत.

"आत्याबाई, झाडाखाली नोका थांबू," प्रयागा धापा टाकत म्हणाली. "मास्तर मामा म्हणत होते..."

वीज चमकली. सोजरबाईने सुनेच्या दंडाला धरून तिला बाहेर ढकललं. "तूच जाय! दूर जाय! तुह्यापायी आमी नाई मरत!"

प्रयागा क्षणभर पावसात उभी राहिली. मग वावरातल्या सखल जागी पळत गेली, हातातला विळा दूर फेकला आणि पाय जुळवून, कान दाबून उकिडवी बसली. तिथून ती ओरडत होती, "झाडाखालून निघा! निघा वं आत्याबाई!"

जगदेवच्या डोळ्यांसमोर ते सारं घडलं होतं. त्याने एकदा आईकडे पाहिलं, आणि तो बायकोकडे धावला.

सोजरबाईच्या मनात एकच आलं. बोलावलं तिनं! माह्या लेकाले बोलावून घेतलं! "जगदेव, फिर मांगं!" ओरडत, लुगड्याचा ओचा धरून म्हातारी पावसात त्याच्यामागे पळाली. त्याला ओढून पुन्हा झाडाखाली आणायचं होतं तिला. वाटेत चिखलात पाय घसरून ती पालथी पडली.

आणि वीज कोसळली! डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. कानांत कोणी सुरुंग लावावा तसा आवाज झाला. तिने मान वळवली तेव्हा लिंब शेंड्यापासून खोडापर्यंत चिरलेला होता आणि त्याखाली बैल चारी पाय ताणून पडला होता. जिथे बैल होता, तिथून हातभर अंतरावर ती क्षणापूर्वी उभी होती.

"आत्याबाई, उठू नोका, पन आडव्याबी राहू नोका!" प्रयागा ओरडली. "पाय जुळवून बसा!"

सोजरबाई बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने सुनेचं ऐकलं होतं. गडगडाट दूर गेला तरी प्रयागाने कितीतरी वेळ कोणाला उठू दिलं नाही.

सकाळी चिरलेला लिंब बघायला गाव लोटला. कोणी म्हणालं, पायाळूमागे वीज आलीच शेवटी. कोणी म्हणालं, नाही, सून देवी आहे, तिनंच घर वाचवलं. सोजरबाईही प्रयागाच्या पायाशी वाकायला निघाली. प्रयागा मागे सरकली. तिच्या काखेत कपड्यांचं गाठोडं होतं.

"मी देवी बी नाई, अवदसा बी नाई," ती म्हणाली. "मास्तर मामानं सांगतलं ते मी आतून आयकलं होतं, एवढंच. आज अखाजी हाये, आत्याबाई. मी माही माही जातो मेडशीले."

सोजरबाई जमलेल्या गावाकडे वळली. मग सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आयका सारे! वीज हिच्यावर पडन म्हणून मी हिले झाडाखालून हाकललं. मराले हाकललं! अन् मी जिथं उभी होती तिथं ती पडली. पापी मी हाये." "प्रयागा, नोको जाऊ वं. गेलीस तर मी तुले थांब म्हणाच्या लायकीची नाई. पन नोको जाऊ."

जगदेवने पुढे होऊन बायकोच्या काखेतलं गाठोडं घेतलं. तो कोणाकडेही पाहत नव्हता.

"राह्यतो," प्रयागा म्हणाली. "पन पुन्हा आभाळ गरजलं तर मी सपरात नाई बसनार. घरात बसन."

"घरातच बस. माह्याजवळ बस."

मंडळी, वीज कोणाचा जन्म विचारत नाही, जात विचारत नाही, पाप-पुण्यही विचारत नाही. ती उंच झाड पाहते आणि उघड्यावरचा माणूस पाहते. तिच्यापासून वाचायचं तर वादळाची चिन्हं ओळखा, वेळेत पक्क्या घरात जा, झाडाचा आसरा घेऊ नका. आणि ज्या समजुतीने आपण आपल्याच माणसाला पावसात हाकलतो, ती समजूत आधी घराबाहेर काढा.

ज्येष्ठात पुन्हा एकदा तसंच काळं आभाळ भरून आलं. तांड्याकडे निघालेली रामीबाई लहान लेकीला कडेवर घेऊन रस्त्याने पळत होती. सोजरबाईने दारातून हाक मारून तिला बोलावलं. रामीबाई उंबऱ्याशी येऊन अडखळली.

"बाई, पोरगी माही पायाळू हाये," ती घाबरत म्हणाली. "चालन का?"

"आधी पोरीले आत घे!" सोजरबाई म्हणाली आणि तिने रामीबाईला दंडाला धरून लेकरासकट घरात ओढलं.