निरभ्र दुपारचा ओझोन

मित्रांनो, मी एक जुना ओझोनमापक आहे. शहराच्या कडेला एका शाळेच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत मी राहतो. माझ्या पोटात दिवा आहे. नळीतून ओढलेल्या हवेत ओझोन जितका जास्त, तितका दिव्याचा प्रकाश पलीकडे कमी पोचतो. त्यावरून मी आकडा सांगतो.

माझी देखभाल एक तंत्रज्ञ ताई करत. त्यांचे थोरले भाऊ याच शाळेत क्रीडाशिक्षक होते.

एका उन्हाळ्यात, दुपारच्या शर्यतीच्या दिवशी, माझा आकडा भराभर चढला. गजबजलेल्या चौकातला माझा जोडीदार मापक मात्र निम्माच दाखवत होता. ताई चक्रावल्या. "गाड्या तिकडे आणि ओझोन इकडे? हे कसं काय?"

त्यांनी आधी मलाच तपासले. ओझोन काढून टाकलेली हवा दिली; मी शून्य दाखवले. मोजून ओझोन दिला, तेवढाच दाखवला. मग त्यांनी महिनाभराच्या हवामानाच्या नोंदी पुढ्यात घेतल्या. ढगाळ दिवशी आकडा खाली, भरपूर वारा असला तरी खाली. रखरखीत ऊन आणि पडलेला वारा असला की मात्र वर! त्यांचे डोळे चमकले. त्या धावतच मैदानावर गेल्या.

"दादा, शर्यत आज नको. हवेत ओझोन फार वाढलाय, तो श्वासात गेला की छातीला बाधतो."

"अगं, आकाश बघ की, किती लख्ख! तुझ्या यंत्राचं डोकं फिरलंय."

"लख्ख उन्हातच तर ओझोन तयार होतो. चौकात ताजा धूर त्याला खाऊन टाकतो. तीच हवा रेंगाळत इथवर येते, तोवर धुरातले वायू उन्हात शिजतात. वारा नाही, म्हणून सगळं इथंच साचतं."

"बाहेरच्या शाळा आल्यात. आता माघार घेतली तर माझं हसं होईल."

तेवढ्यात सराव करणारी सरांचीच मुलगी खोकत खाली बसली. "बाबा, खोल श्वास घेतला की छातीत खुपतंय."

सरांनी तिला सावलीत बसवले. मग त्यांनी कर्णा उचलला आणि शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ठेवली. लोक कुरकुरले. पण सकाळी माझा आकडा अगदी खाली होता. सरांची मुलगी तिसरी आली आणि पाणी पिऊन पुन्हा मैत्रिणींबरोबर पळू लागली.

त्यानंतर माझा आकडा रोज फाटकावर लिहिला जाई. सर स्वतः जिना चढून विचारत, "काय म्हणतोय आमचा शहाणा?" मला फार अभिमान वाटे.

पुढे ताईंची बदली झाली, सर निवृत्त झाले. नळीच्या तोंडाशी धूळ अडवणारी माझी गाळणी काळी पडली आहे. आत येतानाच ओझोन त्या मळात विरतो, म्हणून भर उन्हातही मी छोटा आकडा सांगतो. तो वाचून मुले निर्धास्त धावतात.

मित्रांनो, यंत्राला विसरलात तर ते गप्प बसत नाही. चुकीचे बोलू लागते. आज वारा पडला आहे, आकाश निळेभोर आहे आणि खाली शिट्टी वाजली आहे. कुणीतरी वर या आणि आधी माझी गाळणी बदला.