पाठमोऱ्याचा शब्द

माझी थोरली लेक आइली ज्या वर्षी जन्मली, त्या वर्षीच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. युद्ध संपलं होतं, सरहद्द सरकली होती, आणि पलीकडे गेलेल्या गावांतली माणसं आमच्या तळ्याकाठी आणून वसवली होती. नाइमी त्यांतलीच. नवरा लढाईत गेलेला, पदरात दोन मुलं, आणि वाट्याला आलेला दलदलीचा एक तुकडा. त्यावर तिने एका खोलीची झोपडी उभी केली होती.

ऑगस्टात रात्री थंडावल्या की मुइक्कू मासा काठाकडे सरकतो आणि आमची रापण, म्हणजे काठावरून मोठं जाळं ओढणं, सुरू होते. मासा बोटाएवढाच, पण मिठात घातला की हिवाळाभर घर त्याच्यावर तगतं. रापणीचं जाळं कोणा एकाचं नसे. पाच घरांनी आपापला तुकडा विणून आणायचा, सगळे जोडायचे, आणि मासळीचे पाच वाटे करायचे. ज्याचा तुकडा नाही त्याला वाटा नाही. नुसतं वल्हवायला येणाऱ्याला रश्शापुरते मासे.

नाइमी वल्हवायला यायची. गावात पुरुष थोडे उरले होते, म्हणून तिला कोणी नको म्हणत नव्हतं. आम्ही तळ्याकाठची माणसं तशी अबोल. तिचं तोंड मात्र सारखं चालू.

"हिच्या जिभेला वल्हं बांधा रे," शेजारचा अन्सेल्मी म्हणायचा. "आपल्याला नुसतं बसता येईल."

"नुसतं तर तुम्ही आत्ताही बसलाय, अन्सेल्मीभाऊ," नाइमी म्हणायची, आणि माझे सासरे, तावेत्ती, मिशीतल्या मिशीत हसायचे. रापणीचे म्होरके तेच.

एका संध्याकाळी मासे साफ करता करता ती मला म्हणाली, "माझ्या खारवलेल्या माशांच्या पिंपाचा अजून तळ दिसतोय. असंच राहिलं तर बर्फ पडायच्या आत शहरात जाईन. लाकूडगिरणीत बायकांना घेतात म्हणे."

"आणि मुलं?"

"थोरली येईल माझ्याबरोबर. धाकट्याला कोणीतरी ठेवून घेईल." तिने सुरी पुसली आणि पुढचा मासा घेतला.

मी दुसऱ्या दिवशी टोपलीभर मासे तिच्या दाराशी ठेवून आले. संध्याकाळी टोपली परत आली. मासे जसेच्या तसे, वर फडक्यात गुंडाळलेल्या गरम पुऱ्या, भाताचं सारण भरून राय धान्याच्या पिठाच्या भाजलेल्या, त्यांच्या गावाकडच्या.

"मागितल्याशिवाय देऊ नकोस गं," ती म्हणाली. "आणि मागणार तर मी नाहीच."

मी हे मामंजींना सांगितलं. ते पाइप कोरत बसले होते. "हं," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात एक दिवस वारा अगदी पडला. तळं आरशासारखं. जाळं ओढायला लागलो तेव्हाच कळलं, आज भार आहे. नाइमी कमरेएवढ्या पाण्यात उतरून दोर ओढत होती आणि पहिल्यांदाच गप्प होती. जाळ्याच्या मधली पिशवी, खोळा, काठाला लागला तेव्हा आत नुसती चांदी उसळत होती.

वाटे मांडायचं काम अन्सेल्मीचं. गवतावर पाच ढीग, एकही मासा इकडेतिकडे नाही. मग आमच्या रीतीप्रमाणे मामंजी तळ्याकडे तोंड आणि ढिगांकडे पाठ करून उभे राहिले. ढिगावर हात धरून विचारायचं, पाठमोऱ्याने घर सांगायचं. सांगितलं ते सांगितलं. त्यावर भांडण नाही.

"हा कोणाचा?" अन्सेल्मीने विचारलं.

"कोर्पेलांचा."

"हा?"

"तुझाच."

तिसरा, चौथा झाला. शेवटचा ढीग आमचा हे उघड होतं. मी टोपली पुढे केली.

"हा कोणाचा?"

"नाइमीच्या घरचा," मामंजी म्हणाले.

तोवर त्या झोपडीला गावात कोणी घर म्हटलं नव्हतं.

अन्सेल्मीचा हात ढिगावर तसाच राहिला. "तावेत्तीदादा, चुकलात. फिरा इकडे."

"पाठमोऱ्याचा शब्द कधीपासून फिरवता येतो?"

"नाही येत," अन्सेल्मी चिडून म्हणाला. रीत मोडलेली त्याला कधीच खपायची नाही, आणि आता तीच त्याच्या आड आली होती.

"मला नको," नाइमी म्हणाली. "जाळ्यात माझा धागासुद्धा नाही. भीक आहे ही."

"भीक कसली?" अन्सेल्मी तिच्यावरच उखडला. "नाव पडलं म्हणजे वाटेकरी झालीस. वाटेकऱ्याला तुकडा द्यावाच लागतो. दहा वाव लांबीचा. बर्फ वितळायच्या आत. नाही दिलास तर माझ्याशी गाठ आहे."

"उद्यापासून सहा ढीग?" तिने विचारलं.

"सहा घरं असल्यावर सात करू का?"

नाइमीने पदर खोचावा तसा ओला झगा कमरेला खोचला आणि टोपली आणायला धावली.

घरी येताना माझी टोपली रिकामी होती. "मामंजी, आज खायचं काय?" मी विचारलं.

"बटाटे आहेत की. आणि पुऱ्या संपवल्या नाहीस ना सगळ्या?"

ती गिरणीत गेली नाही. हिवाळाभर तिच्या खिडकीत दिवा दिसे आणि दिव्यापुढे विणणारा हात. सूत मामंजींनी दिलं. त्याच्या बदल्यात तिने आमच्या आइलीला मोजे विणून दिले, बरोबरी झाल्याशिवाय ती थांबणारी नव्हती. मार्चमध्ये तिने तुकडा आणला. मामंजी अंथरुणावर होते. त्यांनी तो हातावर घेऊन एकेक वाव मोजला.

"अकरा भरले," ते म्हणाले.

"अन्सेल्मीभाऊंचं तोंड बंद करायला एक जास्त," नाइमी म्हणाली.

पुढच्या ऑगस्टात तो तुकडा मधोमध, खोळ्याला लागून जोडला. पाठमोरं कोण उभं राहणार हा प्रश्न आला तेव्हा अन्सेल्मीनेच नाइमीला पुढे केलं, आणि तिने पहिलं नाव आमच्या घराचं घेतलं.

माझे सासरे तावेत्ती त्या ऑगस्टाआधीच, एप्रिलात, तळ्यावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात वारले.