खुर्चीवरचा उजेड

चार वाजता खुर्ची न्यायला माणूस येणार होता आणि त्याआधी तिला खुर्चीचा एक चांगला फोटो हवा होता. बाबांची खुर्ची. चाळीस वर्षं दुकानात बसून बाबांनी जगाचे पासपोर्ट फोटो काढले, पण स्वतःचा एक धड फोटो कुणाला काढू दिला नाही. कॅमेरा वर केला की ओठ आवळायचे आणि उठून जायचे. ते गेल्यावर घरात ओळखपत्रावरचा तेवढा एक सापडला, नखाएवढा, त्यावरही शिक्का नेमका नाकावर. चेहरा नाही तर निदान खुर्ची.

तिनं बाबांचाच कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, फोटो काढला आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे स्क्रीनवर हाताची सावली धरून पाहिला. स्क्रीनवर विसंबायचं नाही, शेजारचा उजेडाचा आलेख बघायचा, हा त्यांचा शिरस्ता. आलेखात डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. मधला डोंगर ठीक होता. पण उजव्या कडेला एक सुळका उभा होता आणि स्क्रीनवर खुर्चीची बैठक लुकलुकत होती. उजेड प्रमाणाबाहेर जाऊन एखादा भाग पार पांढरा झाला की कॅमेरा अशी लुकलुक दाखवतो.

खिडकीवर पडदा होता. तिनं बैठकीवर हात धरून पाहिला. हातावर कसलाच उजेड नव्हता.

पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी. घाबरायच्या आधी तपासून पाहायची सवय. सेन्सर बिघडला असेल म्हणून तिनं कॅमेरा थोडा वळवला. बिघाड असता तर डाग चौकटीत जागच्या जागी राहिला असता. तो खुर्चीबरोबर सरकला.

मग तिनं कॅमेऱ्याचं चाक फिरवून आत येणारा उजेड निम्मा केला. डोंगर डावीकडे सरकला, सुळका तसाच. पुन्हा निम्मा. पुन्हा. पाचव्यांदा खोली काळोखात बुडाली आणि पांढऱ्यातून एक खांदा वर आला. सहाव्यांदा कान.

 तिचं बोट चाकावरच होतं. अजून दोनदा, फार तर तीनदा. मग चेहरा.

"काय गं शास्त्रज्ञबाई, खुर्चीला पासपोर्ट काढून देतेस की काय?" आई आत आली आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. "मलाही घे हिच्याबरोबर. जाणारच आहे ती."

"आई, एक मिनिट बाजूला हो ना."

"हो गं बाई! तुझे बाबाही असेच. आधी सामान, मग बायको."

ती हलली नाही. मुलीनं उजेड सातव्यांदा निम्मा करून फोटो तसाच काढला. आई काळोखात पार हरवली होती. खुर्चीत हनुवटी होती, आणि ओठ. आवळलेले. उठून जायच्या आधी असायचे तसे.

बाबा दुकानात शंभरदा तरी म्हणाले असतील: मागची खिडकी जळून पार पांढरी झाली तरी चालेल, समोरचं माणूस काळं पडता कामा नये.

तिनं चाक उलटं फिरवलं, थेट पहिल्या आकड्यापर्यंत.

"आई, इकडे बघ."

हा फोटो दोघींनी मिळून पाहिला. आई स्पष्ट होती, एकेक सुरकुती दिसत होती. बैठक पांढरीफटक, लुकलुकणारी.

"हे काय चमचम करतंय?"

"तिथं उजेड जास्त झालाय."

"मग परत काढ की."

"नको. राहू दे."

आईनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. फोटोत तिच्या खिडकीकडच्या गालावर सावली होती. खुर्चीकडचा गाल उजळला होता. तिनं तो गाल हातानं चाचपून पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. 

दाराची घंटा वाजली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. दोघींपैकी कुणीच दाराकडे गेलं नाही.