अर्धा चेहरा

“एकदा हातात घेतलेला चेहरा अर्धा टाकून उठायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. समोरचा माणूस डोळे मिटून आपल्या भरवशावर बसलेला असतो, कळलं?”

वडिलांचा हा आवाज वीस वर्षं त्याच्या कानात घर करून होता. कॉलेज अर्धवट सोडून तो नाटक कंपनीच्या रंगपटात वडिलांच्या हाताखाली उभा राहिला, त्या पहिल्या दिवशीचा. वडील नटांचे चेहरे रंगवत. कुणाच्या गालाला बोट लावण्याआधी ते तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे, क्षणभर डोळे मिटायचे, मगच कामाला लागायचे. आणि काम संपलं की ब्रश स्वतः धुवायचे. ताप असो की पाठीत सणक, त्यात कधी खंड पडला नाही. “दुसऱ्याने धुतले की ब्रश रुसतात,” म्हणायचे.

पुढे मुलगा सिनेमात गेला. हातात कसब होतं. सेटवर सगळे त्याला रंगदादा म्हणू लागले. गरम तळहाताची सवय त्याच्याबरोबर गेली, तसा तो नियमही गेला. त्या नियमापायीच घर दुभंगलं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आई आजारी होतीच. त्या सकाळी त्याच्यासमोर एक नट बसला होता; म्हाताऱ्याचा चेहरा करायचा होता, रबराचे बारीक तुकडे चिकटवत जायचं चार तासांचं काम. निम्मं झालं आणि ताईचा फोन आला. “असशील तसा निघ. आई तुझं नाव घेतेय.” त्याने फोन ठेवला, दीर्घ श्वास घेतला आणि उरलेला चेहरा पुरा केला. दोन तास लागले. तेवढ्यात दुपारची गाडी चुकली. घरी पोचला तो दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. आईचा चेहरा शेवटचा नीट केला होता तो वडिलांनी, एकट्यांनी.

दारातच त्यांनी विचारलं होतं, “झाला का पुरा तुझा चेहरा?”

“नियम तुमचाच होता, बाबा.”

“मग राहा त्या नियमापाशी. मला तोंड दाखवू नकोस.”

दोघे एकाच घडणीचे. दोघांनीही ते अक्षरशः पाळलं.

आणि आता हा सिनेमा त्याच्या वाट्याला आला होता. वर्षानुवर्षं न बोललेले बाप-लेक आणि त्यांची भेट, एवढीच कथा. बापाचं काम करणारा नट जुनाजाणता. सेटवर सगळे त्याला लाडाने आणि थोडं भीतीने नटवर्य म्हणत. रंगदादाने आठवडाभर खपून त्याच्यावर म्हाताऱ्या बापाचा चेहरा चढवला. दिग्दर्शिकेने तो पुढून पाहिला, बाजूने पाहिला.

“काम सुरेख झालंय, रंगदादा. पण खरं सांगू? या माणसाकडे परत कोण येईल हो?”

“माझी बायको गेली चाळीस वर्षं हेच विचारते,” नटवर्य म्हणाले आणि सगळे हसले.

रंगदादा मात्र हसला नाही. तो आरशातल्या चेहऱ्याकडे बघत होता. हाताने आपल्या मनानेच काम केलं होतं. समोर बाबा होते. दारातले.

त्याने दोन दिवसांची रजा मागितली आणि त्या चेहऱ्याचा फोटो खिशात घालून निघाला. बाबांनी महिनाभर अंथरूण धरलंय, हे ताईने कळवलं होतं. नुसतं भेटायला जायचं त्याचं धैर्य नव्हतं. कामाचं निमित्त मिळालं, तेव्हा पाय उचलला.

ताईने दार उघडलं. “आलास? घर सापडलं का लगेच, की विचारत विचारत आलास?” बोलता बोलताच तिचे डोळे भरले, आणि ती चहा ठेवायला आत वळली.

बाबांचा पलंग खिडकीशी होता. खिडकीतून गल्लीच्या तोंडापर्यंतचा रस्ता दिसत होता. कठड्यावर काचेच्या पेल्यात ब्रश उभे होते, स्वच्छ धुतलेले. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“काय काम काढलंस?”

“एक चेहरा जमत नाहीये.”

“दाखव. चष्मा दे तो.”

फोटो त्यांनी लांब धरला, मग जवळ आणला. खोलीत फक्त त्यांच्या श्वासाची घरघर होती.

“हा तर मी आहे.”

“मुद्दाम नाही केला, बाबा.”

“ही भुवयांमधली आठी बघ. केवढी खोल कोरलीस. ही माझ्या तोंडावर किती वेळ होती रे? दारात उभा होतो तेवढा वेळ. तू नेमकी तीच घेऊन गेलास.” फोटो त्यांनी छातीवर पालथा ठेवला. “हात आण इकडे. अरे, आधी गरम कर! विसरलास?”

त्याने तळहात चोळले. बाबांनी त्याची बोटं धरून स्वतःच्या डोळ्याच्या कडेला लावली. कातडी कागदासारखी पातळ झाली होती.

“या सुरकुत्या लागतात हाताला? लांबवर बघताना माणूस डोळे बारीक करतो, त्याने पडतात. खिडकी दिसतेय ना तुला? रस्ता दिसतोय? या घे. आठी पुसून टाक.”

“बाबा, त्या दिवशी मी उठायला हवं होतं.”

“हो. हवं होतं.” बाबांनी त्याला तेवढ्यावर सोडलं नाही, आणि स्वतःलाही नाही. “आणि मी तो नियम तसा शिकवायला नको होता. म्हणे घराला आग लागली तरी! घराला खरंच आग लागली आणि माझं पोर तिकडे ब्रश धरून बसलं. माझ्यावर ओरडायचं होतं मला. समोर तू सापडलास.”

ताई चहा घेऊन आली, दोघांची तोंडं बघून कप ठेवून परत गेली.

“तुझ्या आईचा चेहरा केला ना, तेव्हा हात थरथरत होते माझे,” बाबा म्हणाले. “एक भुवई वाकडी झाली. सात वर्षं ती भुवई दिसते मला. माझा तू कर. रंग थोडा लाव, तरुण करू नकोस. माणूस आडवा पडला की तसाही तरुण दिसतो. आणि निरोप आला की खुर्चीत कुणी का असेना, अर्धा टाकून उठायचं. शब्द दे.”

“देतो.”

“पुटपुटू नकोस.”

“दिला, बाबा.”

त्या संध्याकाळी बाबांनी पेल्याकडे बोट दाखवलं. “ताई धुते रोज. तिची बडबड ऐकून घेतात बिचारे ब्रश. आज तू धू.” त्याने कोमट पाण्यात एकेक ब्रश धुतला, टिपला, कठड्यावरच्या पेल्यात उभा केला. बाबा शेवटच्या ब्रशापर्यंत बघत राहिले, मग त्यांनी डोळे मिटले.

परतल्यावर त्याने नटवर्यांचा चेहरा पुन्हा केला. आठी काढली. डोळ्यांच्या कडांना सगळा वेळ दिला. दिग्दर्शिकेने तो पुन्हा पुढून पाहिला, बाजूने पाहिला. मग हळूच म्हणाली, “याच्याकडे येईल.”

बाप-लेकाच्या भेटीचा प्रसंग नवव्या दिवशी ठरला. त्या सकाळी नटवर्य डोळे मिटून खुर्चीत होते. उजवी बाजू झाली होती, डावीला हात लावायचा होता. बाहेर दिवे लागले होते, माणसं तयार होती. फोन वाजला.

“बाबा गेले रे,” ताई म्हणाली. “पहाटे, झोपेतच.” मग तिने सांगितलं, “मी कुणाला चेहऱ्याला हात लावू दिलेला नाही.”

त्याने आरशात पाहिलं. उजवीकडे बाबा होते, डावीकडे एक नट. अजून दोन तासांचं काम. तो जुना आवाज आलाच, ठसठशीत, रंगपटातला. त्याच्यामागून दुसरा आला, घरघरणारा. त्याने ब्रश खाली ठेवला.

नटवर्यांनी एक डोळा उघडला. “काय झालं?”

“माझे वडील गेले. मला निघायला हवं. तुमचा चेहरा अर्धाच राहिला. माफ करा.”

नटवर्य आरशात आपल्या उजव्या गालाकडे बघत राहिले. “हे... तेच का?”

“हो.”

“जा तू. बाहेर मी बघून घेतो. माझ्या आवाजाला अजून घाबरतात लेकाचे.” मग टेबलाकडे बघत म्हणाले, “आणि हे ब्रश? तू तर कुणाला हात लावू देत नाहीस.”

“आज रुसू देत.”

रंगांच्या पेटीकडे त्याने पाहिलंही नाही. तिकडे बाबांच्या खिडकीच्या कठड्यावर पेल्यात ब्रश होते, स्वच्छ. जिन्याच्या पायऱ्या उतरता उतरता तो तळहात एकमेकांवर चोळत होता.