सुतळीभर तेज

छपराखाली उघडून ठेवलेली एक पांढरी छत्री.

भैय्यालालच्या गोठ्यात एक रिकामा खुंटा.

चिखल केलेल्या बांधीत भाताची रोवणी करणाऱ्या बायकांची ओळ, आणि ओळीत एका बाईची जागा मोकळी.

विधवेनं महाराजांच्या गादीजवळ बसू नये, असा नियम. कोणी लिहिला नाही, कोणी विचारलाही नाही.

या चारही गोष्टी नाकाडोंगरीच्या अलीकडल्या एका गावच्या समाजभवनात एकत्र आल्या. कारण तिथं तेजोमहाराज आत्म्याचे फोटो काढत होते.

खिडक्यांना काळे पडदे लावलेले, म्हणून माणसं दारात एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली. गादीशेजारी स्टँडवर ती पांढरी छत्री, छत्रीच्या पोटात फ्लॅश. चेला विनोद कॅमेऱ्याचं बटण दाबी, छत्री लख्ख पेटे आणि भक्ताचा चेहरा लगेच भिंतीवरच्या टीव्हीवर.

"दुनिया का कॅमेरा चमडी देखता है, हमारा कॅमेरा करम देखता है!" महाराज मांडीवर थाप मारत. "आत्म्याचा एमआरआय आहे हा. मोठमोठे डॉक्टर घाबरतात!"

भैय्यालाल गादीच्या पायाशी बसला, तर दाढीचे खुंटसुद्धा चमकले. जयजयकार झाला. मग त्याची विधवा भावजय शकुनबाई पदर सावरत मागच्या भिंतीशी जाऊन बसली. तिच्यासारखीनं तिथंच बसायचं. छत्री पेटली. टीव्हीवर एक काळं गाठोडं, त्यात दोन डोळे.

"छाया!" महाराज किंचाळले.

भैय्यालालचा बैल नुकताच पोट फुगून मेला होता. आता बैल खाणारी सापडली. रोवणीच्या टोळीनं शकुनबाईला बांधावरूनच परतवून लावलं. महाराजांनी तोडगा दिला: रविवारी सगळ्यांसमोर 'मी करणी केली' म्हणायचं. मग शुद्धी, मग पुढच्या पाटावर बसून नवा फोटो. कबूल न करणारीनं गाव सोडायचं. शुद्धी झालेले सगळे उजळ आले होते. आणखी काय पुरावा पाहिजे?

शकुनबाईनं मोहाडीला भाचीला फोन लावला. रीना लग्नाचे फोटो काढते.

"मावशे, काही कबूल नको करू."

"तं का करू वं? बांधीत पाय ठेवू नाही देऊन राहिले. कबूल केलं तं रोवणीले तरी जाता येईन."

"अन् उद्या कोनाचं लेकरू आजारी पडलं तं? तवा का कबूल करशीन?"

"मंग रविवारी तूच ये वं," शकुनबाई म्हणाली.

रविवारी रीना आली. दारात उभी राहून तिनं दोन-तीन फोटो पाहिले आणि तिला हसू आवरेना. नवखा फोटोग्राफर पहिल्या लग्नात हमखास हेच करतो: पुढं बसलेली नवरी पिठासारखी आणि मागच्या रांगेतला सासरा कोळशासारखा. तिथं सासऱ्याला शुद्धीला कोणी बसवत नाही. फोटोग्राफरला शिव्या देतात.

"कबूल कर, माई," महाराज म्हणाले.

"मावशी करीन कबूल," रीना पुढं झाली. "आधी भैय्यालालकाका मावशीच्या जागेवर बसतीन. एकच फोटो."

"मी कायले? मी तं उजळ आलो!"

"मंग भेता कायले? करम तं तेच हाये ना जी? जागेसंगं करम बदलते का?"

लोक हसले. भैय्यालालची मिशी थरथरली. तो तरातरा जाऊन भिंतीशी बसला.

विनोदची बोटं कॅमेऱ्याच्या उजेड कमी-जास्त करायच्या चकतीकडं वळली. "ए भाऊ," रीना म्हणाली, "काही फिरवू नको. होतं तसंच राहू दे."

लख्ख. काळं गाठोडं. मिशीसकट.

"काहून बे भैय्यालाल," दारातून म्हातारा तुलाराम ओरडला, "बैल तूच खाल्ला का?"

"माया है! नास्तिक की परछाई पड गयी!" महाराज गरजले.

"मावशे, ऊठ. पुढं बस."

शकुनबाई हलली नाही. "गादीजवळ? नाही वं."

रीनानं पिशवीतून सुतळी काढली. एक टोक छत्रीच्या स्टँडला बांधलं, पुढच्या पाटाइतकं अंतर मोजून दुसरं टोक गादीपासून बाजूला धरलं. "महाराजांजवळ नको येऊ. या सुतळीजवळ ये."

शकुनबाई आली. सुतळी नाकाला टेकली, मग बाजूला झाली. लख्ख. टीव्हीवर तिच्या कपाळावरची आठीन् आठी दिसली. त्याच सुतळीच्या टोकाशी भैय्यालाल बसला, तुलाराम बसला, खुद्द विनोदलाही बसवलं. सगळे सारखेच उजळ.

"आता महाराज भिंतीशी!" तुलाराम म्हणाला.

महाराजांना एकाएकी समाधी लागली. डोळे मिटले, पण हात मात्र घाईघाईनं छत्री मिटत होते.

करामत एवढीच. फ्लॅश दर वेळी तेवढाच उजेड फेकतो. अंतर दुप्पट झालं की अंगावर चौथा हिस्सा पडतो, तिप्पट झालं की नववा. पडद्यांनी बाहेरचा उजेड अडवला आणि कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप एकदा बांधून ठेवलं, की मागं बसलेला काळा येणारच, मग तो संत असो की म्हैस. शुद्धीनं आत्मा उजळत नव्हता; पाट पुढं सरकत होता. आणि मागं कोण बसणार, हे महाराजांना सांगावं लागत नव्हतं. ते गावानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

तेव्हा कोणी तेज दाखवलं तर हात जोडण्याआधी सुतळी काढा. मोजू देत नसेल, तर पडदे काढा.

सोमवारी शकुनबाई बांधीवर गेली. माफी कोणी मागितली नाही. ओळीतल्या साधनाबाईनं थोडं सरकून रोपांची जुडी तिच्याकडं फेकली.

भैय्यालालनं युरियाचं पोतं गोठ्यात उघडं टाकलं होतं आणि बैलानं ते चाटलं होतं. जनावरांच्या डॉक्टरनं हे त्याला महाराज गावात यायच्या आधीच सांगितलं होतं.